परक्या लिपीची वर्गणी

26 एप्रिल 2023 रोजी बँकॉकमध्ये एका जपानी बाईंच्या हातात एक लहानसा व्हिडिओ कॅमेरा देण्यात आला. कॅमेरा त्यांच्या भावाचा होता. केंजी नागाई त्याचं नाव. 27 सप्टेंबर 2007 रोजी रंगूनमध्ये, सुले पॅगोडाजवळ, भिक्खू आणि साधी माणसं रस्त्यावर उतरली असताना तो त्यांचं चित्रण करत होता. सैनिकानं अगदी जवळून गोळी झाडली. रस्त्यावर उताणा पडलेला माणूस आणि त्याच्या हातात अजूनही वर धरलेला कॅमेरा, हे छायाचित्र तेव्हा जगभर छापून आलं. कॅमेरा मात्र नाहीसा झाला. जपाननं तो मागितला, लष्करी राजवटीनं दाद दिली नाही. पंधरा वर्षांनी तो मिळवला तो एका परागंदा वृत्तसंस्थेनं. डेमोक्रॅटिक व्हॉइस ऑफ बर्मा, थोडक्यात डीव्हीबी. कुठल्या वाटेनं तो सीमेपार आला हे त्यांनी सांगितलं नाही. आतली फीत शाबूत होती. तिच्यावर गर्दी आहे, भिक्खू आहेत, सैनिकांचे ट्रक येताना दिसतात, आणि नागाई कॅमेरा स्वतःकडे वळवून काही बोलतो. गोळी लागण्याआधीच चित्रण थांबतं.

मी ही बातमी पुन्हा पुन्हा वाचली. कुणीतरी, त्या देशात राहून, सापडला तर वर्षानुवर्षं तुरुंगात घालणारी ती वस्तू जपली होती. कशाच्या भरवशावर? आज ना उद्या ती कुठं पोचवायची हे माहीत होतं म्हणून, असं मला वाटतं. जिथं सांगायला पोलीस ठाणं उरत नाही, न्यायालय उरत नाही, गावातलं वर्तमानपत्र उरत नाही, तिथल्या माणसाला एक पत्ता लागतो. देशाबाहेर गेलेले पत्रकार तो पत्ता चालू ठेवतात. ऑस्लोत, थायलंडमधल्या चियांग माईत, मे सॉटमध्ये, आणि काही वर्षं आपल्या दिल्लीत.

डीव्हीबीचा जन्म 1992 सालचा, ऑस्लोचा. नॉर्वेच्या बर्फात बसून काही बर्मी तरुण लघुलहरींवरून आपल्या भाषेत बातम्या सांगायचे, आणि सात-आठ हजार किलोमीटरवर, इरावदीच्या खोऱ्यातल्या एखाद्या घरात, दारं लावून, आवाज बारीक करून ते ऐकलं जायचं. 2005 पासून उपग्रहावरून दूरचित्रवाणीही सुरू झाली. मग आत राहणारी मुलं-मुली लहान कॅमेरे पिशवीत लपवून फिरू लागली. 2007 च्या उठावाची जी दृश्यं आपण आपल्या दिवाणखान्यात पाहिली त्यांतली बहुतेक या मुलांनी टिपलेली होती. लष्करानं अख्ख्या देशाचं इंटरनेट बंद केलं ते त्यामुळेच. ला ला विन नावाच्या तरुणीला 2009 मध्ये पकडलं. आधी विनापरवाना मोटारसायकल वापरल्याबद्दल सात वर्षं, मग परदेशात चित्रफिती पाठवल्याबद्दल वीस. एकूण सत्तावीस वर्षं. 2012 साली ती सुटली म्हणून, नाहीतर तिचं तारुण्य तिथंच गेलं असतं.

परागंदा माध्यमं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परदेशातल्या सुरक्षित खोलीत बसलेली माणसं येतात. पण अर्धी खोली आतच असते. संपादक सीमेपलीकडे, बातमीदार सीमेच्या आत. साई झॉ थाईके हा ‘म्यानमार नाऊ’चा छायाचित्रकार मे 2023 मध्ये मोखा चक्रीवादळानंतरची वाताहत टिपायला राखाइन प्रांतात गेला. वादळानं घरं मोडली होती, माणसं मेली होती, त्याची छायाचित्रं काढणं एवढाच त्याचा गुन्हा. लष्करी न्यायाधिकरणानं त्याला वीस वर्षांची शिक्षा दिली. 2023 च्या अखेरीस ‘कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स’नं जगभरातल्या तुरुंगांतले पत्रकार मोजले तेव्हा म्यानमारच्या तुरुंगांत 43 जण होते. त्यांच्यापेक्षा जास्त फक्त चीनमध्ये, आणि तेही एकानं.

मी रत्नागिरीची आहे, त्यामुळे ब्रह्मदेश मला कधीच दूरचा वाटला नाही. आमच्या गावात थिबा राजाचा राजवाडा आहे. इंग्रजांनी 1885 मध्ये मंडाले घेतलं, राजाला राणीसकट उचललं आणि अखेर आमच्या कोकणात आणून ठेवलं. तो 1916 मध्ये रत्नागिरीतच वारला. ज्या गावात तो कैद होता त्याच गावात जन्मलेल्या लोकमान्यांना 1908 मध्ये काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि त्यांना ठेवलं गेलं ते त्या राजाच्या मंडालेत. शाळेत आम्हाला हा योगायोग म्हणून सांगायचे. मला त्यात योगायोगापेक्षा साम्राज्याची पद्धत दिसते. माणूस जिथं बोलला तर ऐकलं जाईल तिथून त्याला उचलायचं आणि जिथं त्याची भाषा कुणाला कळत नाही तिथं नेऊन टाकायचं.

टिळकांना सहा वर्षं झाली ती ‘केसरी’तल्या लेखांबद्दल. ‘गीतारहस्य’ त्यांनी तिथं पेन्सिलीनं लिहिलं हे आपण सगळे अभिमानानं सांगतो. त्या सहा वर्षांत पुण्यात काय चाललं होतं हे मात्र क्वचित बोललं जातं. ‘केसरी’ निघत होता. आधी खाडिलकर, मग केळकर, त्यांनी तो काढला. छापखाना चालला, टपालानं अंक गेले, वर्गणीदारांनी वर्गणी भरली. संपादक हद्दपार झाला, पण पत्र वाचकांपाशी राहिलं. राजद्रोहाचा खटला झालेल्या पत्राची वर्गणी भरणं हे 1909 साली सरकारी नोकरी असलेल्या माणसासाठी काही सोपं काम नसावं. त्या माणसांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. टिळक 1914 मध्ये परत आले तेव्हा त्यांचं पत्र जागेवर होतं, ते या नाव नसलेल्या वर्गणीदारांमुळे.

आजच्या म्यानमारमध्ये हे उलटं झालं आहे. 1 फेब्रुवारी 2021 ला लष्करानं सत्ता घेतली. 8 मार्चला डीव्हीबी, मिझिमा, म्यानमार नाऊ, खिट थिट आणि सेव्हन डे न्यूज या पाच संस्थांचे परवाने एका फटक्यात रद्द केले. पत्रं देशाबाहेर गेली, वाचक आत राहिले. मे महिन्यात घरावर उपग्रहाची तबकडी ठेवणं गुन्हा ठरवलं गेलं. एक वर्ष कैद किंवा पाच लाख क्याट दंड. कारण त्या तबकडीतून डीव्हीबी आणि मिझिमा दिसत होते. फेसबुक बंद झालं तेव्हा लोक व्हीपीएन वापरू लागले, तर रस्त्यात अडवून फोन तपासणं सुरू झालं. आणि 1 जानेवारी 2025 च्या सायबर कायद्यानं विनापरवाना व्हीपीएन पुरवणाऱ्याला कैदेची तरतूद केली.

आता या वाचकानं वर्गणी कशी भरायची? तिथं मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय आहे, लोक ती रोज वापरतात, पण प्रतिकार चळवळीला पाठवलेल्या लहानशा रकमेवरून माणसं वर्षानुवर्षांसाठी तुरुंगात गेली आहेत. बंदी घातलेल्या वृत्तसंस्थेच्या खात्यावर आपलं नाव उमटवण्याचं धाडस कोण करील? तरी लोकांनी वाट काढली. लष्करानं सत्ता घेतल्यानंतरच्या पहिल्या वर्षी लाखो लोक ठरावीक चित्रफिती मुद्दाम उघडून बघायचे, जाहिरातींचे पैसे चळवळीला मिळावेत म्हणून. एक दमडी न पाठवता, कुठंही नाव न लिहिता दिलेली ती वर्गणीच होती. या कल्पकतेपुढे मी नतमस्तक होते. पण जाहिरातीचे दर कंपन्या ठरवतात, चित्रफीत कुणाला दाखवायची हेही त्याच ठरवतात. त्यावर बातमीदाराचा महिन्याचा पगार कसा ठरवणार?

म्हणून या संस्था आजवर मुख्यतः परदेशी अनुदानांवर जगल्या. त्या पैशानं मोठं काम झालं, त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण अनुदानाला ऋतू असतात. 2012 मध्ये म्यानमारमध्ये थोडं मोकळं वारं वाहू लागलं तेव्हा देणगीदारांचा ओढा आत वळला, सीमेवरच्या कामाचा पैसा आटू लागला, आणि संस्था गाठोडी बांधून रंगूनला परतल्या. नऊ वर्षांनी त्यांना पुन्हा जंगलातून, नदीतून बाहेर पडावं लागलं. मग जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेनं आपली परदेशी मदत रोखली. वॉशिंग्टनमधल्या एका सहीनं थायलंडच्या सीमेवरच्या भाड्याच्या घरांत पगार थांबले. मार्चमध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकेचा बर्मी आवाजही थबकला.

आणि त्याच मार्चच्या 28 तारखेला मंडालेजवळ 7.7 तीव्रतेचा भूकंप झाला. तीन हजारांहून जास्त माणसं गेली. लष्करी सरकारच्या प्रवक्त्यानं सांगितलं की परदेशी पत्रकारांना येऊ देता येणार नाही, पाणी नाही, वीज नाही, उतरायला जागा नाही. मी त्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत फोनवर मंडालेची दृश्यं पाहत होते. जुन्या राजवाड्याची तटबंदी ढासळली होती. ज्या शहराचं नाव आमच्या घरात लहानपणापासून टिळकांच्या नावाला जोडून येई ते डोळ्यांसमोर कोसळलेलं होतं. ती दृश्यं कुणी पाठवली? त्यांतली कितीतरी या पगार थांबलेल्या संस्थांच्या, आत राहिलेल्या, नाव न छापता काम करणाऱ्या माणसांनी. ज्यांच्या स्वतःच्या घरांना तडे गेले होते, ज्यांचे स्वतःचे नातलग बेपत्ता होते, तीच माणसं ढिगाऱ्यावर उभी राहून सांगत होती की इथं मदत पोचलेली नाही.

त्या रात्रींनंतर मी एका परागंदा बर्मी संस्थेला दरमहा पैसे पाठवायला लागले. रक्कम लहान आहे. आपल्याकडच्या बँकेच्या नियमांमुळे ती आपोआप जात नाही, दर वेळी कार्ड पुढं करून ओटीपी टाकावा लागतो. मला ते बरंच वाटतं, कारण दर महिन्याला मला ते पुन्हा ठरवावं लागतं. त्यांच्या बातम्या बहुतेक बर्मीत असतात. ती गोल गोल अक्षरं मला वाचता येत नाहीत. म्हणजे मी असं वर्तमानपत्र घेते जे मला वाचता येत नाही, आणि ते जिला वाचता येतं तिला विकत घेता येत नाही. मगवेमधल्या एखाद्या शिक्षिकेची वर्गणी मी भरते आहे, असं मी मनाशी धरून चालते. ती कोण आहे हे मला कधी कळणार नाही, आणि कळू नयेच. तिचं नाव कुणाच्याही यादीत नसण्यातच तिचं भलं आहे.

मी याला दान म्हणणार नाही. दान घेणाऱ्याकडून नम्रपणाची अपेक्षा असते, अहवाल मागितले जातात, आपल्याला आवडतील अशाच बातम्या याव्यात असं हळूहळू वाटू लागतं. वर्गणीदाराला फार तर अंक वेळेवर येण्याचा हक्क असतो. या संस्थांनी केवळ लष्कराच्याच नव्हे, तर लष्कराशी लढणाऱ्या सशस्त्र गटांच्याही अत्याचारांच्या बातम्या द्यायला हव्यात. तसं केलं की आपल्याच माणसांचा रोष ओढवतो. अशा वेळी त्यांच्यामागे एकच मोठा दाता असण्यापेक्षा पुष्कळ लहान वर्गणीदार असणं बरं, एवढं मला कळतं. आपल्याकडे अंताजीपंत काळ्यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. एका सहीनं बंद पडणार नाही असं भांडवल कसं उभारायचं याचा धडा आपल्या घरातच आहे.

पैशानं सगळं होत नाही, हेही खरं. मे सॉट हे थायलंडच्या सीमेवरचं गाव, नदी ओलांडली की म्यानमार. तिथं राहणाऱ्या पत्रकारांपैकी पुष्कळांकडे धड कागदपत्रं नाहीत. पारपत्राची मुदत संपते, नूतनीकरणासाठी वकिलातीत जावं तर ती त्याच सरकारची. पोलिसांना दरमहा काही देऊन, नजर चुकवत राहावं लागतं. मे 2021 मध्ये डीव्हीबीच्या तीन पत्रकारांना चियांग माईत बेकायदा प्रवेशाबद्दल अटक झाली तेव्हा त्यांना परत पाठवणार या भीतीनं जगभर धावाधाव झाली. अखेर ते तिसऱ्या देशात गेले. त्यांना वाचवलं ते वकिलांनी, वकिलातींतल्या ओळखींनी, आणि त्यांची नावं सतत छापत राहणाऱ्या इतर पत्रकारांनी. व्हिसा, निवासाचा परवाना, मुलांना शाळा, रात्री दचकून उठणाऱ्या माणसाला बोलायला कुणी डॉक्टर. स्वातंत्र्याच्या गोष्टी करताना या यादीचा आपल्याला कंटाळा येतो. पण परागंदा पत्रकार बहुधा गोळीनं मोडत नाही, तो या यादीनं मोडतो.

भारतानं एकेकाळी हे काम बरं केलं होतं. मिझिमा ही संस्था 1998 मध्ये दिल्लीत सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी सो मिंट याची कहाणी अवघड आहे. 1990 मध्ये त्यानं आणि त्याच्या मित्रानं खोटा बॉम्ब दाखवून एक प्रवासी विमान कलकत्त्याला वळवलं, आपल्या देशात चाललेल्या कत्तलीकडे जगाचं लक्ष जावं म्हणून. विमानातल्या माणसांच्या त्या भीतीचं समर्थन मी करू शकत नाही. पण त्याच माणसानं पुढं लेखणी धरली, आणि 2003 मध्ये आपल्या न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. तेव्हा मुंबईच्या कामगारांचे नेते राहिलेल्या जॉर्ज फर्नांडिसांच्या दिल्लीतल्या सरकारी बंगल्यात बर्मी विद्यार्थी राहत असत. आज आपल्याकडे निर्वासितांसाठी कायदा नाही, 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सही नाही, आणि 2024 मध्ये 1,643 किलोमीटरच्या त्या सगळ्या सीमेवर कुंपण घालण्याचं जाहीर झालं. मिझोराममधल्या लोकांनी 2021 मध्ये केंद्राचं पत्र बाजूला ठेवून चिन लोकांना घरात घेतलं, त्यांच्यात छोट्या चिन वृत्तपत्रांची माणसंही होती. त्या मिझो गृहिणींच्या शेजारी उभं राहण्याची माझी योग्यता नाही.

आंबोलीला पावसाळ्यात धबधबा बघायला आपण सगळे जातो. त्याच जंगलातून 25 नोव्हेंबर 1955 रोजी एक नभोवाणी केंद्र सुरू झालं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. पोर्तुगीज सेन्सॉरच्या विळख्यातल्या गोव्यात जे छापता येत नव्हतं ते हे दोघं सीमेबाहेरून कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये सांगत होते. दादरा-नगर हवेली मुक्त करताना हाती लागलेल्या बिनतारी यंत्रांतून ते केंद्र उभं राहिलं होतं. पाऊस, जळवा, जंगली श्वापदं, आणि रोज नवी संहिता. पुढं ते कॅसलरॉकच्या बाजूला हलले आणि गोवा मुक्त होईपर्यंत, 1961 च्या डिसेंबरपर्यंत, बोलत राहिले. 19 डिसेंबरला विमानातून गोव्यावर फिरत, ध्वनिक्षेपकावरून मुक्तीची बातमी सांगण्याचं भाग्य त्यांनाच मिळालं. 2025 मध्ये लिबियाबाईंना पद्मश्री मिळाली तेव्हा त्या शंभर वर्षांच्या होत्या. परागंदा माध्यम म्हणजे काय हे आपल्याला परदेशातून शिकायची गरज नाही. ते सावंतवाडीच्या वरच्या घाटात होतं. त्या सहा वर्षांत त्या दोघांना तांदूळ, रॉकेल, निरोप कुणी पोचवले असतील, याचा मी आंबोलीच्या त्या वळणांवर दर वेळी विचार करते.

गेल्या महिन्यात मी एका मराठी दैनिकाच्या संपादकांना भेटले. म्यानमारची बातमी आपल्याकडे येते ती मोठ्या परदेशी संस्थांकडून, आणि त्यांना ती पुष्कळदा येते ती याच परागंदा संस्थांकडून. मी म्हटलं, आपण थेट त्यांच्याकडूनच का घेऊ नये? इतरांना देता तेवढंच मानधन द्या, बातमीवर त्यांचं नाव टाका. सगळं नको, महिन्याला एक वार्तापत्र. ब्रह्मदेशात मराठी वाचकाला गोडी नाही असं म्हणू नका, अर्ध्या महाराष्ट्राच्या घरात ‘गीतारहस्य’ आहे. संपादकांनी हसून मान हलवली, मग गंभीरपणे विचारलं, बातमीदाराचं नाव काय छापायचं? मी सांगितलं, ते कळवतील ते; ते खरं नसेल, आणि दर वेळी वेगळंही असेल. खातं? मी म्हटलं, त्यांच्या नावावर खातं नसतं, मानधन चियांग माईच्या कार्यालयाकडे जाईल, पुढं पोचवायची वाट त्यांच्याकडे आहे. हिशेब तपासणारे काय म्हणतील, असं ते म्हणाले, आणि समोरच हिशेब विभागाला फोन लावला. फोन चालू असताना मी त्यांच्या टेबलावर पहिल्या वार्तापत्राचा मराठी मसुदा ठेवला. मंडालेतल्या भूकंपानंतर अजून तंबूत राहणाऱ्या एका वस्तीबद्दल आहे, नऊशे शब्द.